एकोणीस युनिट

आजीचं घर पैठण तालुक्यातलं, माळवदाचं. उन्हाळ्यात जेवणं उरकली की गोधड्या काखेत मारून सगळे वर. लाईट बहुतेक गेलेलीच असायची, आणि गेली म्हणून कुणी हळहळत नसे. खाली ओसरीवर एक कंदील. त्याची काच पुसायचं काम माझ्याकडे, कारण घरात सगळ्यात लहान हात माझा. आजी चुलीतली राख वस्त्रगाळ करून चिंधीवर द्यायची. मी मूठ काचेत घालून गोल गोल फिरवायचे. मग ती काच उन्हाकडे धरून डाग शोधायची आणि सापडला की परत माझ्या हातात. रॉकेल रेशनचं, म्हणून वात नखभर वर आलेलीही तिला चालत नसे.

मी सातवीत होते त्या सुट्टीत एका रात्री माळवदावर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "एवढ्याशा कंदिलाला किती रॉकेल लागतंय बघ. सूर्याला कोण घालतं गं?"

मला उत्तर येत नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी विज्ञानाच्या सरांना विचारलं. शहर तेव्हा औरंगाबाद. पाणचक्कीवरून सायकल मारत शाळेत जायचं आणि घरी परतताना कधी कधी त्या हौदाशी थांबायचं. डोंगराकडून खापराच्या नळातून आलेलं पाणी उंच भिंतीवरून धबाधबा पडायचं. त्याच पाण्यावर पूर्वी जातं फिरून फकिरांचं, वाटसरूंचं पीठ निघायचं. शक्ती म्हणजे काय हे आम्हा पोरांना तिथंच पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलेलं. त्यामुळे सर सूर्याचं सांगू लागले तेव्हा मी मनातल्या मनात जातं शोधत होते.

सरांनी अर्धा फळा पुसला. हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळतात, हेलियम होतो, आणि या मिसळण्यात, म्हणजे संमीलनात, जेवढं वजन घटतं तेवढ्याची ऊर्जा होते. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा वापरतो, त्यातलं ४० लाख टनांच्या वर वस्तुमान उजेड होऊन बाहेर पडतं. खडू खाली ठेवून सर म्हणाले, "हे माणूस जमिनीवर करून दाखवणार. वीस वर्षांत."

हा वीसचा आकडा कुठला, ते मला पुढे कळलं. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. अध्यक्ष होते होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा ताब्यात ठेवून काढण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी भाषणात केलं होतं. म्हणजे १९७५ पर्यंत. सर मला सांगत होते ते १९८१ साल होतं. भाभा जाऊन पंधरा वर्षं झाली होती, मुदतही उलटली होती, तरी सरांनी तो आकडा तसाच पुढे माझ्या हाती दिला. त्याबद्दल मला आजही त्यांच्याविषयी कृतज्ञताच वाटते. त्या आकड्यापायी मी फिजिक्सला गेले.

१९८९ च्या मार्चमध्ये मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. अमेरिकेतल्या युटा इथून बातमी आली की पॉन्स आणि फ्लायश्मान या दोन रसायनशास्त्रज्ञांनी टेबलावरच्या काचेच्या भांड्यात, जड पाण्यात पॅलेडियमची कांडी बुडवून, वीज सोडून संमीलन घडवलं. भट्टी नाही, चुंबक नाहीत. परीक्षा तोंडावर असताना आमच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. जड पाणी तर आपल्याकडे रायगड जिल्ह्यात थळला तयार होत होतं. पुढच्या काही आठवड्यांत तुर्भ्याच्या भाभा केंद्रातल्या गटांनीही न्यूट्रॉन आणि ट्रिटियम या संमीलनाच्या खुणा सापडल्याचं सांगितलं, तेव्हा तर ते आमच्या अंगणात आल्यासारखं झालं. मनमाडला गाडी बदलली की मुंबई. प्रयोगशाळेत आम्ही चौघींनी बॅटरी, दोन कांड्या आणि काचपात्र मांडून पाहिलं. पॅलेडियम कुठून आणणार? बुडबुडे आले, थर्मामीटर हललं नाही. आम्ही तरी रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर बसून गावोगावी अशी भांडी ठेवली तर किती डीपी लागतील याचा हिशेब करत होतो.

वर्ष सरायच्या आत जगभरच्या प्रयोगशाळांनी तो दावा बाजूला ठेवला होता. सगळ्यांना खात्रीनं, पुन्हा पुन्हा, तेच उत्तर येईना.

त्याच १९८९ मध्ये गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' सुरू झाला. भारतात बांधलेला पहिला टोकामॅक, म्हणजे चुंबकांच्या पिंजऱ्यात तापलेला वायू कोंडून ठेवणारं कड्यासारखं यंत्र. सेकंदाच्या एका अंशापुरता तो वायू त्यात टिकायचा. त्या वर्षी मी काचेच्या भांड्याची कात्रणं वहीत चिकटवत होते. आदित्यचं एकही कात्रण माझ्याकडे नाही. खरं काम तिकडे चाललं होतं, हे समजायला मला दहा वर्षं लागली.

पुढची वर्षं भारनियमनाची. गावाकडे थ्री फेज रात्री, म्हणून माझा भाऊ थंडीत कानाला मफलर बांधून बारा वाजता मोटार चालू करायला विहिरीवर जायचा. डीपी जळाली की वर्गणी काढायची. आणि २०१३ च्या दुष्काळात तर परळीचं औष्णिक केंद्रच पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं. कोळसा होता, यंत्रं होती, वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी नव्हतं. ते वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. संमीलनाचं इंधन समुद्राच्या पाण्यातून मिळतं, ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, तिथं दर घनमीटरला तीस-पस्तीस ग्रॅम असतो, असं मी वर्गात मोठ्या उत्साहानं शिकवत आले होते. पण त्या उष्णतेची वीज करायची तर शेवटी पाणी उकळूनच टर्बाइन फिरवायचं आणि वाफ पुन्हा थंड करायची. मराठवाड्यात ते केंद्र कधी उभं राहणार नाही. ते समुद्रकाठीच असेल आणि आपल्याकडे तारांनी येईल. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, परळीनं शिकवलं.

आता माझा भाचा वाळूजला फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आहे, वेल्डिंग तपासतो. मागच्या दिवाळीत मी त्याला मोबाईलवर फ्रान्समधल्या कादराशच्या आयटर या टोकामॅकचे फोटो दाखवले. पस्तीसएक देश मिळून बांधताहेत, आपण २००५ च्या डिसेंबरात त्यात सामील झालो. त्या यंत्राभोवतीचं पोलादी आवरण, ३,८५० टनांचं, तिशीएक मीटर उंच आणि तेवढंच रुंद, लार्सन अँड टुब्रोनं गुजरातमधल्या हजिऱ्याला तुकड्यातुकड्यांनी घडवलं आणि जहाजानं पाठवलं. मी त्याला समजावत होते की हा एक अवाढव्य थर्मास आहे. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश पुरतात, कारण वरून सूर्याचंच वजन दाबत असतं. इथं तो दाब नाही, म्हणून दहापट, पंधरा कोटी अंश लागतात. आणि तो वायू धरून ठेवणारे चुंबक तिथून काही मीटरवर उणे २६९ अंशांवर ठेवायचे. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. दोन बोटांनी फोटो मोठा करून तो एका सांध्यावर थांबला होता.

"मावशी, एवढं जाड स्टेनलेस, एवढा लांब सांधा. वेल्डिंगला जॉब ओढतो. हे ओढलेलं दिसत नाही." मग फोटो खाली सरकवत, "हे आपल्याकडच्या पोरांनी केलं?"

हो, म्हटलं. आमच्या वेळी संमीलन म्हणजे फळ्यावरचं समीकरण आणि मोठ्यांचा शब्द होता. आता ते माझ्या भाच्याला बोटानं तपासता येतं. तेव्हाच्या आणि आताच्या काळात मला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो.

बाकी हिशेब मी शाळेतल्या मुलींना युनिटमध्ये सांगते, कारण लाईटबिल सगळ्यांच्या घरी येतं. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेसरनं २.०५ मेगाज्यूल आत घातले आणि ३.१५ बाहेर आले. घातल्यापेक्षा जास्त निघालं, इतिहासात पहिल्यांदा. ३.१५ मेगाज्यूल म्हणजे एका युनिटलाही थोडं कमीच. आणि ते लेसर चालवायला भिंतीतून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढले होते. इंग्लंडमधल्या जेट या टोकामॅकनं बंद होण्यापूर्वी, २०२३ च्या अखेरीस, ६९ मेगाज्यूल दिले. म्हणजे एकोणीस युनिट. माझ्या गच्चीवरचे पॅनेल चांगल्या उन्हात दीड दिवसात तेवढी देतात. पण जेटनं ती पाच-सहा सेकंदांत दिली, आणि इंधन जळलं ०.२ मिलिग्रॅम. मी मुलींच्या तळहातावर खसखशीचा एक दाणा ठेवते. त्याहूनही हलकं. तळहाताकडे त्या ज्या नजरेनं बघतात ना, त्यासाठी मी निवृत्तीनंतरही शाळेत जाते.

भावाच्या विहिरीवर सौर पंप बसलाय, तो आता रात्री झोपतो. येत्या वीस वर्षांची निकड सौर, पवन, साठवणूक यांनीच भागवावी लागेल. संमीलनाची वाट बघत कोळसा जाळत बसणं मला मान्य नाही. आयटरच्या भागांत दोष निघाले, दुरुस्त्या झाल्या, आणि २०२४ मध्ये नवं वेळापत्रक आलं: संशोधनाची सुरुवात २०३४, ड्युटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग २०३९. तेही वीज घराघरात देणारं केंद्र नव्हे, प्रयोगच. बॉस्टनजवळ कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही खासगी कंपनी त्याआधीच करून दाखवू म्हणते. त्यांना यश यावं असं मला मनापासून वाटतं, तारखेवर मात्र मी विसंबत नाही. ट्रिटियम या दुसऱ्या इंधनाचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, साऱ्या जगात त्याचा साठा वीस-तीस किलोंच्या घरातला. तो यंत्राच्या आतच लिथियमपासून पिकवावा लागेल, आणि एका चालत्या यंत्रात पुरेसा पिकवून अजून कुणी दाखवलेला नाही. शिवाय न्यूट्रॉनचा मारा. चुंबक विद्युतभाराला अडवतात, न्यूट्रॉनला भारच नाही. तो सरळ भिंतीत घुसतो, वर्षानुवर्षं, आणि धातू आतून ठिसूळ करत जातो.

माझ्या सरांना हे सगळं ठाऊक असतं तर त्यांनी वीस वर्षं म्हटलं असतं का, असा विचार येतो. कदाचित नसतं. मग मी फिजिक्सला गेले असते का, तेही सांगता येत नाही. म्हणून मी मुलींना वर्षं सांगत नाही. काय जमलंय आणि काय अडलंय तेवढं सांगते.

परवा नववीच्या वर्गात टोकामॅकची आकृती काढली. आतलं कडं, चुंबक, थर्मास. पाणचक्कीच्या बाजूला राहणारी एक मुलगी शेवटच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, ती भिंत कशाची करायची ते ठरलंय का?"

आयटरमध्ये टंगस्टन लावताहेत, मी सांगितलं. पण तीस-चाळीस वर्षं रोज मारा खाणाऱ्या केंद्राच्या भिंतीचं अजून ठरलेलं नाही.

"म्हणजे ते राहिलंय," ती म्हणाली, आणि आकृतीतल्या कड्याच्या कडेवर तिनं पेन्सिलीनं एक फुली मारली.