भोकाचा पैसा

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना परमप्रसाद देत फिरताना खानापूरनजीकच्या एका वाडीत एका आजींच्या घरी मी पोहोचलो. वय नव्वदीपुढे, दृष्टी अधू, परंतु स्मरण लख्ख. प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी जपमाळ माझ्यापुढे धरली. क्रुसाशेजारी दोऱ्याने एक भोकाचा पैसा बांधलेला होता, 1943 सालचा. युद्धकाळी तांब्याची टंचाई झाली, तेव्हा सरकारने पैशाचा मधला भागच काढून टाकला होता.

“फादर, हे पापनिवेदन नव्हे, ते केव्हाच झाले. हे चार लोकांना सांगितलेत तरी चालेल.”

मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुंबई शहरात रेशनिंग आले. शहरे पोसायची तर खेड्यांतून धान्य काढणे भाग. म्हणून शेतकऱ्यांवर लेव्ही बसली. आमचा तालुका त्या वेळी मुंबई प्रांतातच होता. नेमून दिलेला वाटा सरकारी भावाने घालायचा आणि उरलेल्यावर सुगीपर्यंत दिवस काढायचे. आजींच्या घरी खाणारी तोंडे नऊ. आईने दोन मडकी तांदूळ पेंढ्याच्या गंजीत दडवून ठेवला होता. ताटात येई ती नाचणीची आंबील. रॉकेल मिळेना, तेव्हा संध्याकाळची जपमाळ अंधारातच होई. (“अंधारात मणी चुकत नाहीत,” असे त्या हसून म्हणाल्या.)

शेजारच्या घरचा कर्ता पुरुष बेळगावच्या मराठा पलटणीतून इटलीच्या आघाडीवर गेला होता. त्याची मनिऑर्डर लांबली होती. 1944 च्या उन्हाळ्यात एके दुपारी त्याची मुलगी, आजींची सवंगडी, दारात आली. “हा पैसा घे आणि पसाभर तांदूळ दे. आईला ताप आहे, पेज करायची आहे.” पैसा मुठीत धरून आजी आत धावल्या. आईने हात धरला. “तांदूळ दिलास तर तो आपल्याकडे आहे हे गावभर होईल.”

आई कठोर नव्हती. आंबिलीतला वाटा त्याच घरी नेहमी जात असे. पण तांदूळ देणे म्हणजे दडविलेले उघड करणे. आजी बाहेर आल्या तेव्हा उंबऱ्याशी कोणी नव्हते. पावसाळ्यापूर्वी ते कुटुंब गाव सोडून गेले.

“तिची आई बरी झाली का?” मी विचारले.

“तेच तर मला ठाऊक नाही, फादर.”

अत्यंत निकडीच्या वेळी अन्नावर सर्वांचा हक्क असतो, ही संत थॉमस यांची शिकवण सेमिनारीत आम्ही घोकली होती. परंतु येथे निकड दोन्ही घरांत होती. मी काहीतरी सांत्वनपर बोलू लागलो आणि मध्येच थांबलो. कोपऱ्यात रेशनच्या तांदळाची पिशवी उभी होती. दारी कोणी आले तर आधी तांदूळ घालायचा, नाव मागाहून विचारायचे, असा या घरचा नियम असल्याचे सूनबाईंनी हळूच सांगितले.

निघताना आजींनी विचारले, “मला पुरताना जपमाळ हातात ठेवतील. हा पैसा मात्र माझा नव्हे. त्याचे काय करायचे?”

मला उत्तर सुचले नाही. मी त्यांच्या सवंगडीचे नाव विचारून घेतले आणि येत्या रविवारच्या मिस्साच्या हेतूंत लिहिले.