हिवाळ्यापुरते बिऱ्हाड

आपल्याकडे थंडी वाढली की गुरे गोठ्यात बांधतात. उत्तर अमेरिकेत थंडी वाढली की म्हातारी माणसे घरच सोडतात! ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅनडातली आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतली हजारो जोडपी राहत्या घराला कुलूप लावतात, चाकांवरचे दुसरे घर मोटारीला जोडतात आणि थेट मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंत येतात. तिकडे त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात, म्हणजे बर्फाला कंटाळून आलेली पाखरे. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात ना, तसेच हे. फक्त ही पाखरे घरटे सोबत ओढत आणतात.

२०२४ च्या जानेवारीत मी मुलीकडे फिनिक्सला गेलो होतो. तिथून तीनेकशे किलोमीटरवर हिवाळी भाजीपाल्याचा मोठा मुलूख आहे हे ऐकून होतो. कृषी खात्याच्या माणसाला हे ऐकल्यावर घरात बसवत नाही. जावयाने विंटरहेवन नावाच्या गावी, गाड्यांच्या तळावर, अशीच एक उभी गाडी आम्हाला चार दिवस भाड्याने घेऊन दिली.

कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि मेक्सिको यांच्या शिवा जिथे भेटतात तिथे हे लहानसे गाव आहे. क्वेचान या मूळच्या रहिवाशांच्या राखीव मुलखात ते येते. कोलोरॅडो नदीच्या पलीकडे यूमा शहर आहे. पूल ओलांडला की राज्य बदलते आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे करावे लागते. पाऊस वर्षाला ८० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माणदेशातही याच्या कितीतरी पट पडतो. आकाश मात्र स्वच्छ, आणि जानेवारीतही दुपार कोवळ्या उन्हाची. त्या उन्हासाठीच ही मंडळी येतात.

आमच्या शेजारच्या गाडीत एक जोडपे होते. गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे, बाई एकाहत्तरच्या. जवळजवळ तीन हजार किलोमीटरवरून, नॉर्थ डकोटा राज्यातून आलेले. तिथे जानेवारीत पारा शून्याखाली पंचवीस-तीस अंश उतरतो.

त्यांचे घर किती मोठे म्हणाल? आपल्या दोन खणांएवढे. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला टेबल, मध्ये दोन शेगड्यांचा ओटा, हाताएवढे मोरीचे कोनाडे. खाली तीन टाक्या असतात. एक पिण्याच्या पाण्याची, एक सांडपाण्याची, एक मैल्याची. तळावर उभे राहिले की पाण्याची नळी, विजेची तार आणि मैल्याची जाड नळी जोडून घ्यायची. ती शेवटची नळी जोडणे-सोडणे हे काम घरमालकाचे. चारशे एकरांचा धनी हातमोजे घालून ते मुकाट्याने करताना मी पाहिला.

ते बीटची शेती करणारे, म्हणजे साखरेच्या बीटची. रेड नदीच्या खोऱ्यात हेच मोठे पीक आहे, आणि तिथला कारखाना १९७३ मध्ये शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन विकत घेतला. मी त्यांना सांगितले, की आमच्याकडे प्रवरानगरला १९५० मध्येच शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला. गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढली. मग उतारा किती, तोडणी केव्हा, पैसे किती हप्त्यांत, असे आमचे सुरू झाले. त्यांचे बीट ऑक्टोबरात निघते आणि उघड्यावर डोंगरासारखे रचतात. थंडीने ते गोठून राहते, म्हणून कारखाना कित्येक महिने चालू शकतो. आपला ऊस एवढा दम धरत नाही.

पण मला विचारायचे होते ते वेगळे. चारशे एकर जमीन, मोठे घर, यंत्रांचे कोठार, हे सारे सोडून दोन खणांत येऊन राहायचे कसे सुचले?

उत्तर बाईंनी दिले. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी त्या कोंबड्यांना पाणी घालायला निघाल्या आणि अंगणातल्या बर्फावरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. गृहस्थ कोठारात ट्रॅक्टर खोलून बसले होते. यंत्राच्या आवाजात हाक ऐकू गेली नाही. त्या पाऊण तास बर्फात पडून होत्या. हाड जुळल्यावर त्यांनी सांगून टाकले, की पुढचा हिवाळा मी इथे काढणार नाही. तुम्ही आलात तर बरं, नाही तर बहिणीकडे जाईन.

गृहस्थांनी एक वर्ष टाळाटाळ केली. मग जमीन पुतण्याला खंडाने दिली. विकली नाही. दर वर्षी लेखी करार, खंड ठरलेला, आणि पीक कोणते घ्यायचे ते पुतण्याने ठरवायचे. खंड आणि सरकारी निवृत्तिवेतन यांवर दोघांचे भागते. मी इतकी वर्षे गावोगाव हिंडलो. मुलगा चाळिशीला आला तरी युरियाच्या पोत्यासाठी बापापुढे हात पसरतो, हे पुष्कळ घरांत पाहिले. बाप वाईट असतो असे नाही, पण सातबाऱ्यावरचे नाव आणि कमरेची किल्ली त्याच्याने सुटत नाही. म्हणून मी खोदून विचारले, सोपे गेले का? गृहस्थ म्हणाले, 'अजून जात नाही.'

ते खरेच होते. रोज सकाळी ते कालव्यावर जायचे. नदीच्या या काठचे पाणी १९१२ मध्ये बांधलेल्या बोगद्यातून, नदीच्या तळाखालून, पलीकडे यूमाच्या शेतांत नेले आहे. ते पाणी बघत अर्धा तास उभे राहायचे आणि मग कोबी-लेट्यूसच्या बांधावर. लेट्यूस म्हणजे कच्चा खायचा पाला, आपल्या कोबीचा दूरचा सोयरा म्हणून ओळखावा, कूळ मात्र वेगळे. नोव्हेंबर ते मार्च अमेरिका-कॅनडाच्या ताटातला बहुतेक हिरवा पाला या टापूतून जातो. जमीन लेझर यंत्राने ताटासारखी सपाट केलेली. शेतात कुत्रे नेऊ देत नाहीत. २०१८ मध्ये इथल्या पाल्यातून जंतू पसरले, २१० माणसे आजारी पडली आणि पाच दगावली. ते जंतू कालव्याच्या पाण्यात सापडले, तेव्हापासून तर पाण्याची तपासणी फारच कडक.

हा पाला कापतो कोण? एका पहाटे तीन वाजता जावई मला सॅन लुईस नाक्यावर घेऊन गेला. मेक्सिकोच्या बाजूने माणसांची रांग लागली होती. कानटोपी, हातात डबा, बायकांच्या तोंडाला रुमाल. मध्यरात्रीनंतरच ही रांग लागते. पलीकडे घरभाडे परवडते, काम अलीकडे, म्हणून कित्येकजण रोज सरहद्द ओलांडतात. उजाडायच्या आत बसगाड्या त्यांना शेतावर सोडतात. उन्हाळा आला की यातलेच पुष्कळजण उत्तरेला सलिनासच्या खोऱ्यात जातात, आणि त्यांच्यामागून भाजी गार करायची यंत्रेसुद्धा खोलून ट्रकवर लादून नेतात. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या आठवल्या. बिऱ्हाड पाठीवर घेणारे दोन प्रकारचे लोक त्या एका गावात भेटले. एक उन्हासाठी येतात, दुसरे कामासाठी.

हे मी शेजाऱ्यांना सांगितले. गृहस्थ गप्प राहिले. बाई म्हणाल्या, 'आम्हीही ती सरहद्द ओलांडतो. पण दहा वाजता, नाश्ता करून.'

दुसऱ्या दिवशी त्या दोघांबरोबर मीही गेलो. क्वेचान लोकांच्या वाहनतळावर गाडी लावायची आणि पायी मेक्सिकोत शिरायचे. लॉस अल्गोदोनेस हे चिमुकले गाव म्हणजे दातांच्या डॉक्टरांची पेठच! पाटीला पाटी लागलेली. अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्यात दातांचा खर्च सहसा बसत नाही, आणि इथे तेच काम कितीतरी स्वस्तात होते. बाईंची कवळी, गृहस्थांचा चष्मा, दोघांची औषधे, सारे इथलेच. परतताना पारपत्र हातात धरून तासभर रांगेत उभे राहावे लागते, आणि त्या रांगेत अर्ध्या अमेरिकेच्या शेतीच्या गप्पा ऐकायला मिळतात.

गावाला लागूनच १९५० मध्ये पुरे झालेले मोरेलोस धरण आहे. १९४४ च्या करारानुसार मेक्सिकोच्या वाट्याचे पाणी इथून कालव्यात वळते. त्याच्या खाली कोलोरॅडोसारखी नदी बहुतेक काळ कोरडी. गृहस्थ त्या कोरड्या वाळूकडे बघत राहिले, मग म्हणाले, 'माझ्या गावची नदी दर दोन-चार वर्षांनी पूर आणते. थोडी इथे आणता आली असती तर.'

बाईंचे मन इथे रमले होते. शेजारच्या बार्ड गावी मेजूल खजुराच्या बागा आहेत. १९२७ मध्ये मोरोक्कोतून अकरा फुटवे अमेरिकेत आणले, त्यांतले नऊ जगले, आणि त्यांच्याच वंशातली ही झाडे. बाई दर आठवड्याला खजूर आणायच्या, दुधात घोटून आम्हालाही द्यायच्या. दोन शेगड्यांच्या ओट्याबद्दल मी विचारले तेव्हा म्हणाल्या, 'पंचेचाळीस वर्षं मी कापणीच्या गड्यांसाठी रांधलं. इथं दोन बशा धुतल्या की दुपार माझी.'

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. बियाणे कोणते घ्यावे, असे तो विचारत असावा. गृहस्थ बोलू लागले, बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि ते एवढेच म्हणाले, 'तुला पटेल ते घे.' फोन ठेवून ते बराच वेळ बाहेर येरझाऱ्या घालत होते.

परत कधी जाणार, असे मी विचारले. मार्चअखेर इथून निघायचे ठरले होते. मी म्हटले, 'म्हणजे पेरणीला घरी पोहोचाल.'

'वाटेत माझ्या बहिणीकडे महिनाभर थांबणार आहोत,' बाई म्हणाल्या, 'पेरणी उरकली की मग जाऊ.'