फोटोच्या पोटातल्या जिओटॅगास

प्रिय जिओटॅग,



हे पत्र उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीहून लिहितोय. फोटोत ठिकाण नोंदवणाऱ्या तुझ्या हिशेबात साधारण १८.८८ उत्तर, ७२.९५ पूर्व. दशांश मुद्दाम दोनच दिलेत. तेवढ्यावरून किलोमीटरभराचा परिसर कळतो, माझं घर नाही.

आमच्याकडे जमिनीचे पत्ते सारखे बदलत आले. आधी सर्व्हे नंबर होते. मग शहर वसवणाऱ्या सिडकोचं संपादन झालं, जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले आणि शेतांचे सेक्टर झाले. याच जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनावर जानेवारी १९८४मध्ये जासई-पागोटे परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण गेले. अशा तालुक्यात कोणाच्या आराखड्याने न बदलणारे तुझे आकडे आले, याचं मला अप्रूप आहे. सरकारलाही आहे. घरकुलाचा हप्ता, रोजगार हमीचं काम, २०२१पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, सगळीकडे तू लागतोस.

पण तुझी खरी कसोटी पाणजेला लागते. ती जागा सिडकोच्या आराखड्यात द्रोणागिरी नोडमध्ये येते. पक्षी बघणाऱ्यांसाठी ती भरतीच्या पाण्यावर जगणारी, खारफुटीलगतची पाणथळ आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये खारफुटीची तोड हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. खारफुटीपासून ५० मीटरच्या आत बांधकाम वा भराव नको, हा आदेश तर २००५पासूनचा. म्हणजे भांडण मीटरांचं. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक पाचेक मीटरची असते, तेव्हा तू या कामाला पुरेसा आहेस.

अडचण अशी की फोटो काढणारा कुठे उभा होता, एवढंच तू सांगतोस. डंपर खाडीपलीकडे भराव ओततोय आणि माणूस अलीकडच्या रस्त्यावरून फोटो घेतोय. पाहणीला आलेला माणूस तुझ्या आकड्यावर पोहोचला, तर त्याला स्वच्छ डांबरी रस्ता दिसेल आणि अहवालात ‘सदर ठिकाणी भराव आढळून आला नाही’ असं बिनचूक खोटं लिहिलं जाईल. बरेच फोन कॅमेऱ्याची दिशाही अंशांत नोंदवतात. तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. दोन वेगळ्या जागांवरून फोटो घ्यावेत. त्या दोन दिशा जिथे छेदतील तिथे भराव.

वेळेचंही तसंच. पाणथळ कोरडी दिसते ती ओहोटीमुळे, की पाण्याची वाट बुजवल्यामुळे? फोटोची वेळ भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडली की कळतं. उधाणाच्या ऐन भरतीला जमीन कोरडी असेल, तर पाणी कुठेतरी अडलंय. मात्र तुझी उपग्रहाची वेळ जागतिक असते, कॅमेऱ्याची भारतीय. साडेपाच तासांचा हा फरक माहीत नसला, तर खरा फोटोही बनावट वाटायचा.

आता तुझ्या भपक्याविषयी. फोटोखाली नकाशा, पत्ता, तारीख छापणारी ॲपं लोकांना फार आवडतात. तो छाप फोनला खोटं ठिकाण सांगूनही उमटवता येतो. फाइलीच्या आतली नोंदही बदलता येते, म्हणून मूळ फाइल आणि ती ज्यात आहे तो फोन, दोन्ही जपायला हवेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आतली नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. आणि कोर्टाची पायरी? जालन्याच्या निवडणुकीवरील खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये बजावलं, की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार त्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावं लागतं. ॲपच्या छापाने हे काम होत नाही.

एका ठिकाणी मात्र तू गप्प राहावंस. शेकाट्या, टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांच्या घरट्याचा फोटो तुझ्यासकट समाजमाध्यमावर गेला, की रविवारी तिथे लांब लेन्सवाल्यांची जत्रा भरते. आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळं धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपणहून वीसेक किलोमीटरच्या चौकटीत धूसर करतात. टिटवी त्या यादीत नाही. तिचं ठिकाण फोटो टाकणाऱ्यानेच लपवायचं असतं, आणि हौशी मंडळींना तेवढं सुचत नाही, हा माझा त्यांच्यावरचा राग.

तेव्हा उरणकरांनो, भरावाचा फोटो मूळ फाइलीसह, जिओटॅग न काढता, ज्याला कारवाईचा अधिकार आहे त्याच्याकडे द्या. घरट्याचा, आणि घरातल्या लेकरांचा फोटो टाकताना ठिकाण आधी पुसा.

तुझा,
एक द्रोणागिरीकर