भाड्याची सायकल

भाड्यानें घेतलेल्या वस्तूवर माणसाचें प्रेम बसत नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव मात्र निराळा आहे. लहानपणीं पुण्यास कोपऱ्यावरच्या दुकानांतून तासाच्या बोलीनें सायकल आणतांना घंटी वाजते कीं नाहीं हें आम्ही कधीं पाहिलें नाहीं. आधीं पाहत असूं तें दुकानदाराच्या भिंतीवरचें घड्याळ! पुढें घरची सायकल आली. पण ती घरची होती, तिच्यावरून दळण आणावें लागे. भाड्याची सायकल होती ती निव्वळ हिंडण्यासाठीं.

हें सारें आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या मे महिन्याच्या सुटींत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, मीं पुन्हां एकदां सायकल भाड्यानें घेतली. ती मात्र नेदरलँड्समधील उट्रेख्त या शहरांत. माझी मुलगी तेथें शिकते. "बाबा, हें गांव पायीं पाहून तुम्हांला कळायचं नाहीं," असें म्हणून तिनें मला एका दुकानांत नेलें. तेथल्या माणसानें माझ्या उंचीकडे पाहून बैठक शक्य तितकी खालीं केली आणि तो ब्रेकविषयीं कांहीं सांगूं लागला. "सायकल मला येते," असें मीं प्राध्यापकी थाटांत सांगून त्याला थांबविलें.

त्या सायकलीला हातानें दाबावयाचा ब्रेक नव्हताच. पायडल उलटें फिरविलें कीं मागचें चाक थांबे. आपल्याकडे पायडल उलटें फिरविणें हा सायकलस्वाराचा निरुपद्रवी चाळा आहे. पहिल्याच वळणावर माझे पाय संवयीनें मागें फिरले आणि सायकल जागच्या जागीं खाडकन् उभी राहिली. मागून येणाऱ्या सत्तरीच्या एका बाईंनीं मोठ्या सफाईनें मला वळसा घातला आणि जातां जातां हलकेच घंटी वाजविली. चाळीस वर्षांची माझी विद्या त्या एका घंटींत निकालांत निघाली!

मग मी मुकाट्यानें मुलीच्या मागून चालवूं लागलों. तांबूस डांबराची सायकलींची निराळी वाट, चौकांत सायकलींसाठीं निराळे दिवे, आणि स्टेशनाखालीं साडेबारा हजार सायकली ठेवण्याचें तळघर. आम्ही औदेग्राख्त या जुन्या कालव्याच्या कांठानें गेलों. वाट चुकण्याची भीति नव्हती. कारण ११२ मीटर उंचीचा डोम मनोरा कोणत्याहि गल्लींतून डोकावतो. १६७४ सालच्या वादळांत त्याच्या चर्चचा मधला भाग कोसळला, तेव्हांपासून मनोरा एकीकडे आणि उरलेलें चर्च दुसरीकडे, असे दोघे दुरावलेल्या भावांसारखे उभे आहेत.

एका रस्त्याच्या तोंडाशीं लाल पाटी होती. मुलीनें अर्थ सांगितला: "हा सायकलींचा रस्ता आहे. मोटार इथं पाहुणी." इतक्यांत खरोखरच मागून एक मोटार आली. मी घाईघाईनें कडेला सरकलों. "बाबा, सरकूं नका. पाहुण्यांना घाई नसते," मुलगी हंसून म्हणाली. मोटार आमच्या मागून बैलगाडीच्या चालीनें येत राहिली. तिनें एकदांहि कर्णा वाजविला नाहीं. मला मात्र पाठीला मुंग्या आल्यासारखें होत होतें.

शेवटीं आम्ही २०१७ सालीं बांधलेल्या एका पुलापाशीं आलों. मोठ्या कालव्यावरून जाणारी ही सायकलवाट एका शाळेच्या चक्क छपरावरून वळसा घेत चढते. शाळा नुकतीच सुटली होती. आठ-दहा वर्षांचीं मुलें पाठीला दप्तर लावून, गप्पा मारीत, एकटींदुकटीं सायकलींवरून घरीं चाललीं होतीं. त्यांना न्यावयास कोणी आलें नव्हतें.

मीं सहज मुलीला विचारलें, "तूं सायकल केव्हां शिकलीस?"

"इथं आल्यावर. तेविसाव्या वर्षीं. एक मैत्रीण मागून धरून पळायची. दोनदां पडलें, तुम्हांला कळवलं नव्हतं."

मी गप्प झालों. सायकल मागून धरून धांवणें हें बापाचें काम. ती लहान असतांना, आणि पुन्हां आठवींत गेल्यावर, तिनें सायकल मागितली होती. ज्या पुण्याला एके काळीं सायकलींचें शहर म्हणत, त्या पुण्यांत मीं "रहदारी फार आहे" असें सांगून तिला रिक्षा लावून दिली आणि अठरावें सरल्यावर स्कूटर घेऊन दिली. यांत मी शहाणपणच केलें, असें मला परवांपर्यंत वाटत होतें.

हे लोक मुळांतच सायकलवेडे, अशी मी मनाची समजूत घालूं पाहत होतों. पण त्या रात्रीं मुलीनें दिलेलें एक पुस्तक वाचलें आणि तीहि सोय राहिली नाहीं. महायुद्धानंतर तेथेंहि मोटारींचा पूर आला होता. १९७१ या एका वर्षांत त्या लहानशा देशांत रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसें मेलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. विक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. १९७२ सालीं त्यानें वर्तमानपत्रांत लेख लिहिला. त्याचा मथळा होता 'बालहत्या थांबवा'. त्याच नांवानें चळवळ उभी राहिली आणि आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले. १९७३ सालीं तेलाची टंचाई आली, रविवारीं मोटारी बंद झाल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो हें सगळ्यांनींच पाहिलें. खुद्द उट्रेख्तनें शहराभोंवतालच्या जुन्या कालव्याचा एक भाग मोटार-रस्त्यासाठीं बुजविला होता. २०२० सालीं तेथें पुन्हां पाणी खेळूं लागलें. त्याच पाण्याच्या कडेनें मी सकाळीं गेलों होतों.

म्हणजे भीति त्यांना वाटली तीच मलाहि वाटली होती. मीं माझ्या मुलीपुरती रिक्षा शोधली आणि विषय संपविला. एकटा बाप शहराची रहदारी थोडीच बदलणार, हें खरें. परंतु शुद्धलेखनाच्या नियमांवरून वर्तमानपत्रांना आजवर मीं नऊ पत्रें लिहिलीं आहेत. मुलीच्या शाळेच्या वाटेविषयीं एकहि लिहिलें नाहीं.

शेवटच्या दिवशीं सायकल परत करतांना मीं दुकानांतल्या घड्याळाकडे पाहिलें. मुदतीला पांच मिनिटें बाकी होतीं. जुनी खोड, मीं त्या पांच मिनिटांत आणखी एक फेरी मारून घेतली.

पुण्यास आल्यावर माळ्यावरची सायकल खालीं काढून दुरुस्त करून घेतली आहे. दहावें पत्र लिहून टपालांत टाकलें आहे. अद्याप छापून आलेलें नाहीं. रोज पहांटे साडेपांचला बाहेर पडतों. त्या वेळीं रस्ते रुंद वाटतात आणि पाय संवयीनें खुशाल मागें फिरतात. सातच्या सुमारास पहिले कर्णे ऐकूं येऊं लागले, कीं मी मुकाट्यानें घराकडे वळतों. सायकल आतां माझ्या मालकीची आहे. रस्ता मात्र अजून तासाच्या बोलीनेंच मिळतो.