सहीचा हात

गेल्या श्रावणात, रताळ्यांची लावण आटोपल्यावर, बेळगुंदीचे एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्या दाराशी आले. मुलीस कमी ऐकू येते. बेळगावात तपासणी झाली होती व दोन्ही कानांचा दोष ५२ डेसिबल निघाला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे हा दोष दोन्ही कानांत निदान ६० डेसिबल असावा लागतो. त्यावाचून दाखला नाही, आणि दाखल्यावाचून सरकारी मदतीचे यंत्र नाही.

“फादर, तुमची चिठ्ठी असली तर बाई बावन्नाचे बासष्ट करतील,” ते म्हणाले.

वाचकहो, आम्ही ती चिठ्ठी लिहिली. ‘शक्य ती सवलत द्यावी’ असे मोघम शब्द योजले. मोघम शब्दांआड लपता येते, हे आम्हांस ठाऊक होते.

चिठ्ठी घेऊन आम्हीच बापलेकीसमवेत गेलो. श्रवणतज्ज्ञ बाईंनी ती वाचली, घडी केली आणि परत दिली. रागावल्या नाहीत. पहिली चाचणी एका शिकाऊ मुलीने घेतली होती. सही मात्र बाईंना करावयाची होती. म्हणून त्यांनी मुलीस आवाजबंद खोलीत पुन्हा बसविले. आवाज ऐकू आला की टोपलीत एक ठोकळा टाकावयाचा, असा तो खेळ. अर्धा तास आम्ही काचेतून पाहत होतो. आकडा पुन्हा ५२ च आला.

“हा आकडा केवळ कचेरीसाठी नसतो, फादर,” बाई म्हणाल्या. “त्यावरून यंत्राचा आवाज लावतात. दहा डेसिबल वाढवून लिहिले तर आवाज कानात टोचेल, पोर यंत्र काढून फेकेल. फार मोठ्या आवाजाने आहे ते ऐकणेही जाऊ शकते. आणि पुढे कान खरोखरच ६२ वर गेला, तर तपासणारा माझा कागद पाहून म्हणेल, काही बदल नाही.”

हे शेवटचे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

अशा दाखल्यांवर सही कोणी करावी, हे १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने ठरविले आहे. नोंदणी नसलेल्याने केल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (हजारात आज चांगले बोकडही येत नाही!) नोंदणी असलेल्याने गैरवर्तन केल्यास त्याचे नाव नोंदवहीतून काढता येते. बाईंनी यातील एक अक्षरही आम्हांस ऐकविले नाही.

आमच्याही हाताखाली स्नानसंस्काराची नोंदवही आहे. शाळेसाठी मुलाची जन्मतारीख मागेपुढे करून द्या, असे सांगणारे दरवर्षी येतात आणि आम्ही त्यांस ताठपणे नकार देतो. दुसऱ्याच्या सहीची वेळ आली तेव्हा मात्र आमचा हात सैल सुटला.

परतीच्या वाटेवर मुलीचे वडील आमच्याशी बोलले नाहीत. पुढले दोन रविवार ते मिस्सेलाही आले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो, चिठ्ठी लिहिण्यात आमची चूक झाली असे सांगितले आणि यंत्रासाठी धर्मग्रामातील चार घरांकडे शब्द टाकला. रताळ्यांचे पैसे आल्यावर त्यांनीही भर घातली. ख्रिस्तजयंतीच्या आधी एका कानाचे यंत्र आले. ते ५२ वरच लावले आहे. पोर ते काढून टाकत नाही.

दुसऱ्या कानाचे पैसे अद्याप जमावयाचे आहेत.