पायवाट कोणाची?

आमच्या लेकीला लहानपणापासून धावण्याची आवड. शाळेच्या क्रीडा स्पर्धेत आठशे मीटरमध्ये तिचा नंबर ठरलेला असायचा. ती आठवीत गेली आणि आम्ही दोघांनी तिला सांगितलं, "आता पुरे झालं." तिने कारण विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर आमच्याजवळ कारण नव्हतंच. लोक काय म्हणतील, एवढी एक भीती होती. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलींना 'पुढे जा' म्हणून शिकवणारे आम्ही, स्वतःच्या मुलीला मात्र उंबऱ्याशी थांबवून बसलो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं इंग्लंडला गेलो. घरातली धाकटी बहीण लग्न होऊन शेफील्डला राहते. तिकिटंही तिनेच पाठवली होती. ती दर रविवारी डोंगरात धावायला जाते हे फोनवर ऐकून होतो, पण आमचा विश्वास नव्हता. पहिल्याच रविवारी तिने आम्हाला आगगाडीत बसवलं. अर्ध्या तासात होप नावाचं खेडं आलं. अंगात सैल कुडता-पायजमा, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि पाठीला पाण्याची पिशवी, असा तिचा वेश. म्हणाली, "भाईजान, भाभी, तुम्ही आरामात चालत या. आम्ही दोघी पुढे धावतो आणि प्रत्येक फाटकापाशी थांबतो." लेकीने आमच्याकडे पाहिलं. आम्ही काही बोललो नाही. तेवढ्यावरून ती काय समजायचं ते समजली.

वाट अशी होती: होपच्या स्टेशनापासून शेतांमधून लूज हिल या 476 मीटर उंच डोंगरावर चढायचं, तिथून डोंगराच्या धारेने हॉलिन्स क्रॉस नावाच्या खिंडीपर्यंत जायचं, मग खाली कॅसलटन गावात उतरून ओढ्याकाठच्या शेतांतून परत होपला यायचं. सगळी मिळून अकरा-बारा किलोमीटर.

पहिल्या अर्ध्या तासातच आम्ही अडलो. वाट सरळ एका शेतकऱ्याच्या अंगणात शिरत होती. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर, दोरीवर वाळत घातलेले कपडे. परक्याच्या अंगणातून कसं जायचं? दोघी फाटकापाशी थांबल्या होत्या. बहिणीने खांबावरचा पिवळा बाण दाखवला. पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची सार्वजनिक वाट, आणि निळा असेल तर तिथून घोडाही नेता येतो. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पण त्या वाटेवरून जाण्याचा हक्क सर्वांचा. वाट अडवणं बेकायदा. 1949 च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर नोंदवायला सुरुवात झाली. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे 2,25,000 किलोमीटरच्या अशा वाटा आहेत.

एवढ्यात शेतकरी बाहेर आला. आमच्या छातीत धस्स झालं. तो शांतपणे म्हणाला, "पुढच्या शेतात कोकरं आहेत. तिथे धावू नका, चालत जा. आणि फाटक लावून घ्या." बस्स. कुठून आलात, इथे काय करता, काही नाही. कोकरांच्या शेतातून दोघी अगदी हळू चालल्या. शेवटचं फाटक लेकीने स्वतः लावलं आणि कडी ओढून पाहिली.

वाटेच्या दोन्ही अंगांना दगडी गडगे होते. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवलेला. आम्हाला कोकणाची आठवण झाली. जांभ्याच्या जागी करडा दगड, एवढाच काय तो फरक.

लूज हिलवरून धारेला लागल्यावर उजवीकडे एडेलचं खोरं आणि पलीकडे किंडर स्काउटचं लांबलचक पठार दिसलं. एके काळी ते पठार जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, सामान्य माणसाला तिथे बंदी होती. 24 एप्रिल 1932 रोजी काही शे लोक बंदी मोडून त्यावर चढले. त्यांत कामगार तरुण बरेच होते. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1951 मध्ये हाच मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. आणि 2000 सालच्या कायद्याने तर अशा मोकळ्या माळांवर वाट सोडूनही फिरण्याचा हक्क लोकांना मिळाला.

हॉलिन्स क्रॉसला पोहोचलो तेव्हा जुहरची वेळ झाली होती. पाठीवरच्या पाण्याने वुजू केला. आम्ही तिघं मुसाफिर, म्हणून कसर पढलो. बहिणीने पूर्ण चार रकाती पढल्या. तेवढ्यात एक म्हातारं जोडपं कुत्रा घेऊन येत होतं. त्यांनी कुत्र्याला जवळ ओढलं आणि आमच्या पाठीमागून निघून गेले.

नमाजनंतर बहिणीने त्या खिंडीची हकिकत सांगितली. एडेलला पूर्वी आपलं चर्च नव्हतं. तिथली मयत खांद्यावर घेऊन लोक ही खिंड ओलांडून होपच्या चर्चपर्यंत जात. पुढे एडेलमध्ये कापडगिरणी निघाली, तेव्हा कॅसलटनच्या बायका कामासाठी रोज हीच खिंड चढून जात. म्हणजे ही वाट कोणी हौसेने बांधलेली नव्हती. जनाजा नेणाऱ्या आणि रोजीसाठी निघालेल्या माणसांच्या पायांनी ती पडली होती. तिथल्या कायद्यातही एक तरतूद आहे: लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा जात राहिले, तर ती वाट सार्वजनिक मानली जाऊ शकते. चालणारे असतील तर वाट टिकते.

तेव्हा लेक म्हणाली, "अब्बा, अम्मी, मग आपल्या गावची पाणंद कोणाची?"

आम्हाला उत्तर सुचेना. ती फुफीबरोबर उतारावरून धावत निघालीसुद्धा. मागून येताना आम्हाला हदीसमधला तो प्रसंग आठवला, जो आम्ही कैक वेळा वाचला होता. एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावली आणि हजरत आयेशा (रजि.) जिंकल्या. पुढे त्यांचं शरीर जड झाल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या शर्यतीची फेड असं गमतीने म्हणाले. हा प्रसंग आम्ही नेहमी पती-पत्नीच्या प्रेमाचा दाखला म्हणून सांगत आलो. त्यात एक स्त्री धावते आहे, हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

जूनमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतलो. घरामागून खाडीकडे जाणारी पाणंद आहे, तिला गडगे आहेत, शेवटी पाखाडी आहे. रिक्षा आल्यापासून तिकडे कोणी फिरकत नव्हतं, त्यामुळे रान माजलं होतं. दोन रविवार कोयती घेऊन आम्ही तिघांनी ती साफ केली. वाटेतली इजा दूर करणं हीसुद्धा ईमानची एक शाखा आहे, हे वर्गात शिकवताना हात कधी मातीत घातले नव्हते. पावसाने पाखाडी शेवाळलेली, म्हणून तिथे धावायचं नाही, चालायचं, एवढा एक नियम आम्ही ठरवला.

आता फज्रनंतर ती धावते आणि आम्ही मागून चालतो. पहिल्याच आठवड्यात मशिदीतून परतणाऱ्या एका बुजुर्गांनी हटकलं, "मास्तर, पोरगी पाणंदीत धावते म्हणे?" ज्याची दोन वर्षं धास्ती घेतली तो प्रश्न आला होता. आम्ही सलाम केला आणि म्हणालो, "होय चाचा. आम्हीही असतो मागे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वळणावर दगड सुटलाय, तेवढा बघा."

त्या दिवशी शाळेत जाण्याआधी आम्ही तो दगड नीट बसवला. सध्या शेजारच्या दोन मुलीही येतात. लेकीची दोन वर्षं आम्ही वाया घालवली, ती काही परत येणार नाहीत. अल्लाहने आम्हाला माफ करावं, आणि त्या मुलींच्या पायांखालची वाट मोकळी ठेवावी.