कोऱ्या फोटोंची किंमत

दीर्घिकेच्या फोटोत नवा ठिपका दिसला की मी आधी त्याच्यावर संशय घेतो. सेन्सरवरचा बिघडलेला पिक्सेलही ताऱ्यासारखा चमकतो. म्हणून दुर्बीण किंचित हलवून पुन्हा फोटो घ्यायचा. खरा तारा दीर्घिकेबरोबर सरकतो, पिक्सेल जागचा हलत नाही. मग लघुग्रहाची शंका. सिंह आणि कन्या राशींतल्या दीर्घिकांपुढून ते नेहमी जात असतात. अर्धा तास थांबलं की शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकतात आणि ओळखू येतात. ठिपका तिथेच राहिला, जुन्या फोटोंत सापडला नाही, आपल्याच आकाशगंगेतला रूपविकारी तारा नाही याची खात्री पटली, तरच कुणाला कळवायचं.

मराठवाड्यातल्या पडेगावात माझ्या गच्चीवर उभं राहिलं की पूर्वेला शहराचा उजेड, दक्षिणेकडे वाळूजच्या कारखान्यांचा. उत्तर त्यातल्या त्यात बरी. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास तिकडे सप्तर्षी उंच असतात, आणि वसिष्ठ-मरीचीशी त्रिकोण करणारी एम १०१ ही दीर्घिकाही. हवेत धूळ असली तरी मी ती चुकवत नाही, कारण जूननंतर ढग चार महिने आकाश दिसू देत नाहीत.

याच दीर्घिकेत १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना नवा तारा दिसला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते. इतागाकी हौशी निरीक्षक, पण दीडशेहून अधिक अतिनवतारे त्यांनी शोधले आहेत. काही तासांतच कॅनरी बेटांवरच्या लिव्हरपूल दुर्बिणीने वर्णपट घेतला. त्यात हायड्रोजन होता. म्हणजे एका प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला, दुसऱ्या प्रकारचा स्फोट. वर्णपट मिळेपर्यंत असा ठिपका फक्त उमेदवार असतो. तो मिळाला आणि एसएन २०२३आयएक्सएफ हे नाव कायम झालं.

बातमी कळल्यावर मीही दुर्बीण तिकडे वळवली. दीर्घिकेच्या अंधूक भुजेवर तो ठसठशीत दिसत होता. २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवरचा एकटा तारा माझ्या गच्चीवरून दिसावा, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

पण या ताऱ्याने मला शिकवलं ते वेगळंच. स्फोटाआधीच्या काही वर्षांत त्याने स्वतःभोवती वायू फेकला होता. स्फोटाच्या प्रकाशाने तो वायू उजळला, वर्णपटात अरुंद रेषा उमटल्या आणि आठवडाभरात विरल्या. त्या तासातासाने वाचायच्या तर स्फोट नेमका कधी झाला, ते ठाऊक हवं. उत्तर शोधायला हौशी लोकांचे फोटो फार कामी आले. एम १०१ सगळ्यांच्या आवडीची. केवळ सुंदर दिसते म्हणून जगभर अनेकांनी त्या रात्रींत तिचे फोटो काढले होते. काहींत ठिपका अगदी फिका होता, काहींत नव्हताच. नसलेलेही तितकेच मोलाचे, कारण ‘या क्षणापर्यंत इथे काही दिसत नव्हतं’ हे त्यांच्यामुळेच म्हणता आलं. ते ओळीने लावून स्फोटाची वेळ १८ मेच्या काही तासांवर आणता आली.

मोठी यंत्रणा आता अफाट आहे. आपल्या कुरुंदवाडात जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी उभारलेली झेडटीएफ मोहीम २०१८ पासून अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेतून आकाश पिंजून काढते आहे. आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया दुर्बीण लडाखमध्ये हानलेला आहे. तिने आणि अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहानेही २०२३आयएक्सएफ टिपला. मग गच्चीवरची दुर्बीण कशाला, असं विचारतात लोक. पालोमारला भर दुपार असते तेव्हा इथे मध्यरात्र असते. हानलेला ढग असतील त्या रात्री मराठवाड्यात आकाश मोकळं असू शकतं. जवळच्या, तेजस्वी दीर्घिकांच्या बाबतीत मधले हे तास आमच्या हातात असतात, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून संगणकाचं घड्याळ इंटरनेटशी जुळवल्याशिवाय मी शटर उघडत नाही आणि प्रत्येक फोटोत सर्वांत मंद तारा कितव्या प्रतीचा दिसला, तेही लिहून ठेवतो. नव्या मुलांनाही हेच सांगतो. एनजीसी ६९४६ ही दीर्घिका त्यांना मुद्दाम सुचवतो. १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तिच्यात १० अतिनवतारे सापडले. पाऊस सरला की संध्याकाळी ती उत्तरेला उंच येते. पहिला फोटो तिचाच घेतो. कोरा निघाला तरी वेळेसकट जपून ठेवतो.